निळ्या हॉलमधलं हळदीकुंकू

आमची सून अंकिता दिवाळीच्या सुट्टीत जोधपूर-उदयपूरला गेली आणि येताना अख्खं राजस्थान डोक्यात घालून आली. "आई, तिथल्या हॉटेलात भिंती गडद निळ्या होत्या, दिवे मंद पिवळे. एकदा बसलं की उठावंसंच वाटत नाही!" मग उठलीस कशाला, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बसूनं, माझ्या मुलानं, माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले.

महिनाभरात जुळे सोलापूरच्या आमच्या फ्लॅटचा हॉल निळा झाला. भिंतींचा पिस्ता रंग गेला, ट्यूबलाइट गेली. ट्यूबलाइटनं घराचा दवाखाना होतो, असं बाईसाहेबांचं मत. छताला पितळी जाळीचा दिवा लटकला, त्यातून भिंतींवर उजेडाची नक्षी पडायची. आणि कहर म्हणजे आम्ही जन्मभर पांघरली ती सोलापुरी चादर सोफ्यामागं टांगली. उदयपूरच्या हॉटेलात तिनं तशी टांगलेली पाहिली होती म्हणे. आपल्याच गावची चादर बघायला एवढं लांब जायची काय गरज होती?

खरं सांगायचं तर मला रंगाचा राग नव्हता, मला भीती वाटत होती. वर्षभरापासून माझ्या नजरेच्या कडा अंधारत चालल्या होत्या. पिस्ता भिंतीवरची काळी बटणं कळायची, पांढऱ्या उजेडात दाराची चौकट कळायची, त्यावर माझं निभत होतं. आता बटणं निळी, दार निळं, माणसं म्हणजे सावल्या. मी सोफा चाचपत स्वयंपाकघर गाठायची. पण बोलले नाही कुणाजवळ. मंगळवेढ्याच्या माझ्या बहिणीचे डोळे गेले, तेव्हा घरच्यांनी आधी तिच्या हातून गॅस काढून घेतला, मग विळी, मग देवपूजा. शेवटी तिला पलंगावर बसवलं आणि आम्ही किती काळजी घेतो म्हणून सगळीकडे सांगत सुटले. असली काळजी मला नको होती.

संक्रांतीनंतर अंकितानं हळदीकुंकू ठेवलं. मिरवायचा होता हॉल. खालच्या मजल्यावरच्या काशम्मालाही तिनं "नुसता हॉल बघायला या" म्हणून बोलावलं. काशम्माचा नवरा पावसाळ्यात गेला होता. ती येऊन दाराशी भिंतीला टेकून उभी राहिली, हे मात्र मला कुणी सांगितलं नाही.

घरातली थोरली सवाशीण म्हणून कुंकू लावायचा मान माझा. चेहरे दिसेनात, म्हणून मी बांगड्यांच्या आवाजावर चालले होते. बांगड्या वाजल्या की थांबायचं, डाव्या हातानं हनुवटी धरायची आणि बोट टेकवायचं. दाराजवळही बांगड्या वाजल्या. त्या तिथं उभ्या असलेल्या दुसऱ्याच बाईच्या होत्या, हे मला नंतर कळलं. मी पुढ्यातली हनुवटी धरली, हळद लावली, कुंकू लावलं, आणि हॉलमधली बडबड एकदम थांबली.

"अय्यो," कुणीतरी पुटपुटलं. माझ्या मनगटावर कढत पाणी पडलं. मग मी वाकून पाहिलं. ती काशम्मा होती.

तेवढ्यात अंकितानं टाळ्या वाजवल्या. "आई, केवढं मोठं काम केलंत तुम्ही!" तिच्या मैत्रिणींनीही टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. आमच्या भावकीतल्या दोघी मात्र वाण न घेताच निघून गेल्या. मला दोघींपेक्षा त्या टाळ्यांचीच जास्त लाज वाटली. न केलेल्या पुण्याचं कौतुक अंगाला टोचत होतं.

बसूला संशय आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा कपाबाहेर ओतला तेव्हा तो म्हणाला, "आई, उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. वेळ घेतलीय मी." मी मान हलवली. संध्याकाळी तो आला की सगळं सांगून टाकायचं, असं ठरवलं. उगाच कशाला डोळसपणाचं सोंग करायचं?

तो ऑफिसला गेल्यावर काशम्मा वर आली. दार लोटून माझ्या अगदी जवळ बसली.

"अक्का, काल तुमाला दिसलं न्हाय, व्हय की?"

मी पदर सावरू लागले.

"तुमचं बोट आदी भुवईला लागलं. तवाच कळलं मला."

"चुकलं गं माजं," मी म्हटलं. "पूस ते. मी सांगते समद्यास्नी."

"सांगू नगा!" तिनं माझा हात घट्ट धरला. "मी न्हाय पुसलं. आज सकाळी आंघोळ करून माजं मीच लावलंय. आरशात बगून लई रडले, पर लावलं. आता दीर येनार हायेत तुमाला इचारायला. चुकून झालं म्हनलात, तर मला पुसाया लावतील. तुमी कळून लावलं म्हनलात, तर तुमच्या वयाच्या मानसाफुडं त्यांना बोलता याचं न्हाय."

ती गेली. डोळ्यांवर इलाज करायचा म्हणजे काशम्माचं कपाळ पुसायचं. डॉक्टरकडे गेले की साऱ्या इमारतीत बोभाटा होणार, म्हातारीला दिसत नव्हतं. मला डोळे हवे होते हो.

संध्याकाळी तिचा दीर रेवणसिद्ध आला. त्या जाळीच्या दिव्याखाली बसला. बसू घरीच होता.

"गौरक्का, तुमाला हल्ली दिसत न्हाय म्हंत्यात," रेवणसिद्ध सावकाश म्हणाला. "चुकून झालं असंल तर तसं सांगा. आमी मनावर घेनार न्हाय."

बसू माझ्याकडे वळला. "आई, खरं सांग. दिसतंय ना तुला?"

मी उठले. तिळगुळाची वाटी उचलली आणि रेवणसिद्धाच्या आवाजाच्या रोखानं चालत गेले. वाटेत टीपॉय होता. त्याचा कोपरा नडगीत घुसला, तरी तोंडातून आवाज काढला नाही. वाटी त्याच्यापुढं धरली.

"कोन म्हनतंय दिसत न्हाय? काशम्माच हाय हे बगूनच लावलं. आनि फुडल्या संक्रांतीला परत लावीन. घ्या तिळगूळ."

मग वाटीतून तिळगूळ उचलल्याचं मला जाणवलं.

तो गेल्यावर बसूनं मोठा श्वास सोडला. "मी उगाच घाबरलो होतो. मग उद्याचं डॉक्टरचं रद्द करू ना?"

"कर," मी म्हटलं.