सहावा पेशंट

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या वॉर्डातल्या खाटांनासुद्धा ठाऊक आहे. कॅन्सरचा सर्जन, त्यात प्राध्यापक, वर संशोधक, म्हणजे बोलायलाच नको. पण त्या सोमवारी मी ज्यांच्यावर ओरडलो, त्यांची आठवण आली की आजही मला स्वतःची लाज वाटते.

आमच्या संशोधनाचा मुद्दा साधा होता. जिभेचा कॅन्सर अगदी लहान असेल, तर तेवढाच तुकडा काढायचा, मानेतल्या ग्रंथींना हात लावायचा नाही. त्या काढल्या की खांदा धरतो, हात वर जात नाही. साठ पेशंट घेतले, दर दोन महिन्यांनी तपासणी. पाच जणांच्या मानेत रोग परतला तर चालेल, सहावा निघाला की ही पद्धत बंद, असं आम्हीच आधी लिहून ठेवलं होतं. तिसऱ्या वर्षी आकडा पाचावर आला आणि माझी झोप उडाली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेले टेलरमास्तर त्या साठांतलेच. कात्रीचा हात शाबूत राहील म्हणून मोठ्या विश्वासाने तयार झाले होते. दोन वर्षं नेमाने आले, मग येईनासे झाले. एकदा जाताना मशीनवर वाकलेले दिसले. भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर. खाली काय असणार हे मला रस्त्यापलीकडूनही कळलं, वीस वर्षं तेच तर बघतोय. मी गाडी पुढे काढली आणि दुसऱ्या दिवसापासून मागच्या रस्त्याने जायला लागलो.

बायको म्हणाली, "अहो, मास्तर फार खंगलेत. जरा बघा ना."

"ओपीडीत आले की बघेन."

"चार पावलांवर तर आहेत."

"तू मला डॉक्टरकी शिकवू नकोस."

आमच्या आकडेवारीच्या बाई मात्र भारी चिकट. "सर, हे एक पेशंट सापडत नाहीत. फोन लागत नाही. कुणाला घरी पाठवू का?"

"नको. संपर्क तुटला, असं लिहा," मी म्हणालो. त्यांनी लिहिलं. नियमात बसत होतं; असा पेशंट रोग परतलेल्यांत मोजला जात नाही.

सात महिन्यांनी, त्या सोमवारी, मास्तरांना त्यांची बायको धरून ओपीडीत घेऊन आली. मी सहा विद्यार्थ्यांना शिकवत होतो. मफलर सोडला तर मानेवर मुठीएवढी गाठ, फुटायला आलेली. कापण्यासारखं काही उरलं नव्हतं. पहिल्या महिन्यातच मान उघडली असती तर बहुतेक वाचले असते. हे मला चांगलं कळत होतं, म्हणूनच असेल, मी कडाडलो, "इतके दिवस झोपला होतात का? तपासणीला यायला काय झालं होतं?"

"चुकलं माझं," मास्तर पुटपुटले.

"मी रोज मागे लागायचे," त्यांची बायको म्हणाली. "हे म्हणायचे, डॉक्टरांनी एवढं जीव लावून केलं, सगळ्यांना कौतुकाने सांगतात. मी असा गेलो तर त्यांचं नाव खराब होईल. त्यांना काय तोंड दाखवू?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. हा माणूस माझ्यापासून तोंड लपवत होता, आणि मी त्याच्यापासून.

बाई शेजारच्याच खोलीत बसतात. त्यांना बोलावलं. "सहावा पेशंट सापडला. नोंद करा."

"कुठे होते, सर?"

"माझ्याच गल्लीत."

बाईंचं पेन थांबलं. तेवढ्यात मास्तर बोलले. जीभ जड झालेली, एकेक शब्द ओढून काढत होते. "डॉक्टरांना काही माहीत नव्हतं, बाई. मीच लपवत होतो."

ते तसंच राहू दिलं असतं तर सहज निभावलं असतं. सहाही पोरं माझ्याकडे बघत होती.

"माहीत होतं," मी म्हणालो. "सात महिने झाले."

मास्तरांच्या बायकोने आधी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या मानेकडे. मास्तरांना दंडाला धरून उठवलं आणि बाईंना विचारलं, "दुसरे डॉक्टर कुठे बसतात?"