गढूळ झालेला पाझर

बेंगळुरूजवळ होसकोट्याच्या पुढे प्रतापरावांच्या वडिलांनी चाळीस वर्षांपूर्वी ओढा अडवून तळ्यासाठी मातीचा एक बांध घातला होता. दोन पुरुष उंच, माथ्यावरून बैलगाडी जाईल एवढा रुंद. शहरातल्या पीण्या भागातलं वर्कशॉप बंद केल्यापासून प्रतापराव जयनगरचं घर सोडून आठवड्यातले चार दिवस इथल्या खोलीत राहायला येत. बांध आपल्या मालकीचा, पाणी आपल्या मालकीचं, याचा त्यांना फार अभिमान. त्या भरातच गेल्या उन्हाळ्यात त्यांनी पायथ्याशी तारेचं कुंपण घातलं.

कुंपणाच्या आत एक बारीकसा पाझर होता. खालच्या वस्तीतली गंगव्वा वर्षानुवर्षं त्या नितळ पाण्यात पालेभाजीच्या जुड्या धुऊन बाजाराला नेत आली होती. कुंपण झालं त्या दिवशी प्रतापरावांनी तिला चारचौघांत बजावलं, पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही. तिने टोपली उचलली आणि ती निघून गेली.

दिवाळीच्या आधी चार दिवस पाऊस लागून राहिला. पाचव्या दिवशी सकाळी पाऊस उघडला, तर गंगव्वा त्यांच्या दारात उभी. ती कानडीत, खाली मान घालून बोलत होती. आधी तिने कबूल करून टाकलं, की कुंपणाची तार वर करून ती रोज आत येते, जुड्या तिथेच धुते. मग म्हणाली, ‘‘अण्णा, पाझराचं पाणी आज मातकट झालंय. इतक्या वर्षांत असं कधी बघितलं नाही.’’

पावसात पाणी गढूळ व्हायचंच, असं प्रतापराव म्हणाले आणि आत वळले. गंगव्वा जागची हलली नाही.

‘‘पावसाचं पाणी वरून वाहत येतं. हे बांधाच्या पोटातून येतंय. स्वल्प, जरा येऊन बघा.’’

ते गेले ते नाखुशीनेच. पण पाझर पाहिला आणि ते तिथेच खाली वाकले. करंगळीएवढी धार मनगटाएवढी झाली होती. तोंडाभोवती बारीक गाळाचं कडं जमलं होतं, आणि ते डोळ्यांदेखत वाढत होतं. सिमेंटच्या गोण्या आणून भोक बुजवायचं, एवढंच त्यांना सुचलं. तरी त्याआधी त्यांनी शुभदाताईंना फोन लावला. या जयनगरातल्या त्यांच्या शेजारीण; महाराष्ट्रात तीस वर्षं धरणांवर इंजिनियर होत्या, निवृत्तीनंतर मुलाकडे बेंगळुरूला आलेल्या. फोनच्या कॅमेऱ्यातून त्यांनी पाझर पाहिला.

‘‘भोक बुजवू नका,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुंबलेलं पाणी दुसरीकडून वाट काढील आणि अख्खा बांध घेऊन जाईल. पाणी येऊ द्या, फक्त माती येऊ देऊ नका. पाझराच्या तोंडावर आधी वाळूचा थर टाका, मग खडीचा. तळ्याचं पाणी खाली उतरवायला लागा. पण त्याच्याही आधी खालची घरं रिकामी करा.’’

खाली अकरा घरं होती. माझा बांध फुटू शकतो, हे त्या माणसांना सांगायला जायचं म्हणजे प्रतापरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते जागीच उभे राहिलेले पाहून गंगव्वाच पुढे झाली. दारोदार जाऊन तिने म्हाताऱ्याकोताऱ्यांना, पोरांना, म्हशींना टेकावरच्या शाळेत चढवलं. कुणी कुरकुरलं तर ती एवढंच म्हणे, पाणी मी बघून आलेय.

घर बांधायला म्हणून एकाच्या दारात वाळू आणि खडी पडली होती. त्याने ती कुणी न मागताच देऊन टाकली. वस्तीतल्या चौघा धडधाकट माणसांनी घमेली वाहिली. प्रतापराव तूबूकडे धावले. तूबू म्हणजे तळ्याचं पाणी सोडायची मोरी. तिचा लोखंडी दट्ट्या दहा वर्षांत कुणी हलवला नव्हता, पार गंजून बसला होता. पण गंजलेलं लोखंड हा तर त्यांचा जन्माचा धंदा. तेल सोडून, हातोडीने हलके ठोके देत, पान्याला लांब पाइप जोडून त्यांनी अखेर तो चार बोटं उचलला. सांडव्यावर मासे अडवायला त्यांनीच लावलेली जाळी पालापाचोळ्याने गच्च तुंबली होती. तीही त्यांनी आपल्या हातांनी कापून काढली.

शुभदाताई गाडी करून पोचल्या तेव्हा पाणी वीतभर उतरलं होतं. त्या वाळूच्या ढिगाऱ्यापाशी बसून राहिल्या. दुपारी तीनच्या सुमारास गंगव्वाने खडीतून झिरपणारं पाणी ओंजळीत घेतलं आणि त्यांच्यापुढे धरलं. तळहाताच्या रेषा दिसत होत्या. तरी शुभदाताईंनी दोन दिवस कुणाला घरी परतू दिलं नाही.

तळं रिकामं झाल्यावर कारण सापडलं. तीन वर्षांपूर्वी प्रतापरावांनी बांधावरच्या निलगिऱ्या तोडल्या होत्या. मुळं आत कुजली आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहिल्या; पाणी त्यांतून शिरून माती ओढत होतं. शुभदाताई म्हणाल्या, आणखी अर्धा दिवस कळलं नसतं, तर करण्यासारखं काही उरलं नसतं.

कुंपण त्याच आठवड्यात निघालं. बांध उन्हाळ्यात खणून, थराथराने दाबून पुन्हा बांधायचा ठरला.

संक्रांतीला प्रतापराव अकराही घरी गेले. प्रत्येक उंबऱ्याशी माफी मागितली, आभार मानले. कुणी त्यांना टाकून बोललं नाही, आणि त्यामुळेच त्यांना भरून येत होतं. शेवटचं घर गंगव्वाचं.

‘‘अक्का,’’ ते म्हणाले, ‘‘मी तुम्हाला हाकललं होतं. तुम्ही गप्प बसला असता तरी तुम्हाला कुणी नाव ठेवलं नसतं.’’

‘‘मला बोलणी बसतील असं वाटलं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘पण बोलणी काय, संध्याकाळपर्यंत विसरता येतात.’’

तिने एळ्ळू-बेल्लाची पुडी त्यांच्या हातावर ठेवली आणि आत येऊन बसायला सांगितलं. प्रतापराव चपला काढून आत गेले, जमिनीवर बसले. तिळगूळ तोंडात टाकला. गंगव्वा भाजीच्या जुड्या बांधत राहिली.