पुढचं शीड

फर्लर आला तो जुन्या साडीत बांधून. मुंबईहून आलेला खोका सुभेदारांच्या बायकोनं, बायडाबाईंनी, संकेश्वरच्या घरीच फोडला होता, कारण असा जाड पुठ्ठ्याचा खोका त्यांना पापड ठेवायला हवा होता. धरणाच्या काठावर सुभेदार भीमाप्पांनी साडीची गाठ सोडली आणि एकेक भाग सतरंजीवर ओळीनं मांडला. नावेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बसवायचा ड्रम, डोलकाठीवर लावायची फिरकी, बारीक दोरी, दोरीला वाट द्यायच्या कड्या. मग नव्या रंगरूटांकडे बघावं तसं त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

"ह्यानं काय हुतंय सांग," ते मुलीला म्हणाले.

"पुढचं शीड जाग्यावरच गुंडाळतंय," पूर्णिमा म्हणाली. "मागं बसून दोरी वढली की झालं."

"मग?"

"मग शीड उतरवाय कुणी पुढं जायचं न्हाय."

"शाबास. माझं गुडघं आता ऐकत न्हाईत."

शेजारी जाळं विणत बसलेल्या भरमानं मान वर केली. त्याची टोपलीसारखी गोल पुट्टी आणि सुभेदारांची नाव एकाच बाभळीला बांधलेली असायची, त्यामुळे सुभेदारांच्या प्रत्येक कामात बोलायचा हक्क आपल्याला आहे असं तो धरून चालायचा.

"गुडघं तुमचं, आणि पुढं जाती पोरगी," तो म्हणाला. "ह्यो हिशेब काय कळंना झालाय मला."

"तू तुझं जाळं बघ."

"बघालोय की. तोंड मोकळंच हाय न्हवं."

पूर्णिमा हसली. आप्पा हसले नाहीत. ते जोडकडीची पिन शोधत होते.

नाव चौदा फुटांची होती. भीमाप्पांच्या पलटणीच्या नौकानयन क्लबानं मोडीत काढलेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती ट्रकमधून आणली, पुन्हा रंगवली आणि हिडकलच्या फुगवट्यात सोडली, तेव्हा सगळ्या बौद्ध गल्लीनं सुभेदाराला वेड लागलं असं ठरवलं होतं. पण त्यांचं जुनं गाव ह्याच पाण्याखाली होतं. गावची विहीरही. त्या विहिरीच्या काठाशी त्यांची आई रिकामी घागर घेऊन उभी राहायची, कुणी वरून पाणी ओतील म्हणून. विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. पुढे धरण आलं, विहीर बुडाली, ओतणारे बुडाले नाहीत, ते नव्या वसाहतीत गेले आणि हेही गेले, वेगवेगळ्या टोकांना. टेकडीवरची पाण्याची टाकी आणि मोबाइलचा टॉवर एका रेषेत आले की नाव विहिरीच्या बरोबर वर असते, असं आप्पांनी पक्कं केलं होतं. तिथं पोचले की ते शीड सैल सोडायचे आणि ओंजळभर पाणी प्यायचे.

पूर्णिमा नऊ वर्षांची असताना त्यांनी तिला पहिल्यांदा तिथं नेलं. काठावर आल्यावर भेटेल त्याला सांगत सुटले, "माझी पोरगी पाण्याला भीत न्हाय." त्यानंतर तिला दुसरं काही सांगायची सोयच उरली नाही. ती भीत होती. पहिल्या दिवशी भ्यायली, बी.ए.ला असताना भ्यायली, बेळगावात कॉलेजवर शिकवायला लागली, घरात भिंतभर पुस्तकं झाली, तरी रविवारी नाळेकडे सरकताना ती तेवढीच भ्यायची. पण विहिरीवर बसून ओंजळीनं पाणी पिणाऱ्या माणसाला हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

शिवाय नावेत गप्पा नसत. आप्पांनी पलटणीतली शिस्त तशीच ठेवली होती. ते हुकूम द्यायचे, तिनं तोच शब्द परत द्यायचा.

"जा पुढं."

"जाते पुढं."

"उतर शीड."

"उतरलं."

आणि नाळेवर गेलेल्या माणसानं हुकमाशिवाय परत फिरायचं नाही. मागं बसलेला माणूस सुकाणू सांभाळतो; वजन कधी हलवायचं हे त्याला कळतं. आप्पा नेमका क्षण बघून म्हणायचे, "ये माघारी." हा शब्द ऐकण्यासाठीच ती एवढी वर्षं पुढे जात आली होती.

त्या रविवारी दुपारपर्यंत ड्रम नाळेवर बसला, फिरकी वर चढली, पुढच्या शिडाची तार ड्रम आणि फिरकीच्या मध्ये ताठ झाली. कड्या लागल्या. भाकरी खाऊन आप्पांनी शीड हातानं तारेभोवती घट्ट गुंडाळलं, ऊन लागू नये म्हणून, आणि दोरीचं भेंडोळं करून तिच्या हातात दिलं.

"दोरीचं पुढच्या आइतवारी. त्यात एक गोम हाय, नीट बघून करायचं काम."

"आज सांगा की."

"बस चुकंल तुझी. पुढच्या आइतवारी."

रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. त्यांच्या मागून रांगत जाणाऱ्या बसमध्ये ती प्रश्नपत्रिका काढत बसली. खिडकीतून मागं वळून बघितलं का, हे तिला नंतर कितीही आठवून आठवलं नाही.

बुधवारी ती वर्गावर असताना फोन आला. आप्पा दात घासून परड्यातल्या दगडावर बसले होते. चहा घेऊन आई बाहेर आली तेव्हाही बसलेलेच होते. आईनं कप शेजारी ठेवला, दोनदा हाक मारली, आणि मग कप उचलून आधी आत नेऊन ठेवला. का, ते तिलाही सांगता येईना.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात पांढऱ्या कपड्यांची दाटी झाली. पंचशील झालं, पलटणीतले दोघं जुने सोबती बोलले. एकानं सांगितलं, सुभेदारासारखा निधडा माणूस बघितला नाही, आणि पोरगीही तशीच काढली. पूर्णिमानं हात जोडले. आवारात जांभळाचं रोप लावून त्याच्या मुळाशी अस्थी घातल्या. मूठभर राख बायडाबाईंनी आधीच पितळी डबीत काढून ठेवली होती.

"ही तिकडं हिरीवर घाल," त्या म्हणाल्या. "ते म्हणालते मला एकदा."

"घालते."

"भरमाच्या पुट्टीतनं जा."

"न्हाय. आप्पांच्या नावंतनंच जाते."

पाहुणे गेल्यावर दोघी कपाट आवरायला बसल्या. रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा, मफलर. पूर्णिमानं खालचा खण उपसला.

"गुडघ्याचं औषध कुठाय गं आई? शेजारच्या काकूंना दिलं असतं."

"कसलं औषध?"

"आप्पांचं. गुडघ्याचं."

"गुडघ्याला काय झालतं?" बायडाबाई मफलरीची घडी घालत म्हणाल्या. "मरायच्या आदल्या दिवशी माळ्यावर चढून शेंगांचं पोतं काढलं त्यांनी."

पूर्णिमानं खण आत ढकलला.

"मग त्यो फर्लर?"

"तुझ्यासाठी. म्हणत हुते, पोरगी पुढं गेली की तार अशी धरती, बोटं पांढरीफटक हुत्यात. आता मी किती दिवस तिला पुढं धाडू."

"कधीपासनं म्हणत हुते?"

"कधीपासनं म्हंजे? तू ल्हान असल्यापासनं."

"मग मला का न्हाय बोलले कधी?"

आईनं घडी मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघितलं. "तू तरी कुठं बोललीस?"

पुढचा रविवार उजाडला. बाभळीखाली नाव तशीच होती, गुंडाळलेल्या शिडासकट. पूर्णिमानं भेंडोळं सोडलं. दोरीचं एक टोक ड्रमला बांधलं, ड्रम भरेपर्यंत वेढे घातले, एकावर एक, शिस्तीत. दुसरं टोक कड्यांतून मागे सुकाणूपर्यंत आणलं. शीड गुंडाळलेलं, दोरी गुंडाळलेली, कुठेही काही लोंबत नाही. आप्पांना असंच आवडलं असतं.

"मी येऊ संगट?" भरमानं विचारलं.

"नको भरमाकाका. हितंच बसा. दिसत ऱ्हावा मला."

"मी कुठं जातोय. वारा वाढालाय पर."

मोठं शीड तिनं लावलंच नाही. वारा पाठीशी होता. जाताना पुढच्या शिडावर जायचं, विहिरीवर ते गुंडाळायचं, राख सोडायची आणि वल्हं मारत परत यायचं. काठापासून नाव ढकलून तिनं शिडाची दोरी ओढली. शीड सर्रकन उघडलं, ड्रम गरागरा फिरला, नाव निघाली. डबी लाइफ जॅकेटच्या खिशात बरगडीला टोचत होती.

टाकी डावीकडे सरकत राहिली. टॉवरच्या जवळ आली, जवळ आली आणि त्याच्या मागे गेली. विहीर.

तिनं फर्लरची दोरी ओढली. दोरी सैल आली. हातभर आली, आणखी हातभर, आणि मग तटली. पुढे शीड तसंच फुगलेलं. तिनं वाकून नाळेकडे बघितलं. ड्रम रिकामा होता.

गोम तिला तेव्हा कळली. शीड उघडं असताना दोरीचे वेढे ड्रमवर हवेत, तरच ते ओढून शीड गुंडाळता येतं. तिनं शीड गुंडाळलेलं असतानाच ड्रम भरून ठेवला होता; शीड उघडताना सगळे वेढे सुटून गेले होते. एवढंच सांगायचं राहिलं होतं पुढच्या रविवारसाठी.

टाकी टॉवरच्या दुसऱ्या बाजूनं बाहेर आली. विहीर मागे पडली. पुढे बुडालेल्या झाडांचे खुंट पाण्याबाहेर काळे दिसत होते, त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. वारा नावेला तिकडेच लोटत होता. काठावरून भरमा काहीतरी ओरडला, पण ऐकू आलं नाही. शीड उतरवायचं तर पुढे जायला हवं, आणि सुकाणूवर कुणी नव्हतं.

"जाते पुढं," ती म्हणाली. हुकूम कुणी दिला नव्हता.

तिनं सुकाणू सोडला. नाव आडवी फिरली, कलली, पाणी आत आलं. गुडघ्यांवर रांगत ती डोलकाठीपाशी पोचली, शीड वर धरलेल्या दोरीची गाठ सोडली, मग पोटावर सरकत नाळेवर गेली आणि एका हातानं तार धरून दुसऱ्या हातानं शीड खाली खेचायला लागली. ओलं कापड तोंडावर आपटत होतं. शेवटी ते सगळं तिच्या अंगाखाली आलं, तेव्हा नाव सुस्त झाली आणि नुसती डुलत राहिली. खुंट दोन-तीन नावांच्या अंतरावर होते.

"उतरलं," ती म्हणाली.

तारेवरच्या तिच्या बोटांकडे तिचं लक्ष गेलं. आप्पा म्हणायचे तशीच होती. दुसऱ्या हातानं तिनं खिशातली डबी काढली, दातानं झाकण उघडलं आणि पाण्यावर पालथी केली. टाकी आणि टॉवर एका रेषेत नव्हते. राख थोडी तरंगली, थोडी शिडाला चिकटली, बाकीची गेली.

आता माघारी फिरायचं होतं. मागे वल्हं होतं, काठावर भरमा पुट्टी सोडत होता, उठायला काही हरकत नव्हती. पण ती तशीच पडून राहिली, कान मागे लावून. सुकाणू नुसताच इकडून तिकडे आपटत होता.

"आप्पा," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला, म्हणून तिनं पुन्हा, मोठ्यानं म्हटलं, "आप्पा, मला भ्या वाटतंय. पयल्या दिवसापासनं वाटतंय. लई भ्या वाटतंय, आप्पा."