काठवटीच्या मधली जागा

शुक्रवारची नमाज आटोपली होती. कैरवान शहराच्या गल्लीत घरोघरी कुसकुसच्या रवाळ दाण्यांना वाफ येत होती, तशी ती मंजियाच्या चुलीवरही येत होती. शुक्रवारी या घरात सगळे एकाच लाकडी काठवटीत जेवत. ज्यानं त्यानं आपल्या काठापासून आत आत खात जायचं. मधल्या मटणाला कुणी हात लावायचा नाही. ते आईनं वाटायचं.

"किती घाई तुझी," मंजिया लेकीला म्हणाली.

"भूक लागलीय, उम्मी." इब्तिसाम भोपळ्याच्या फोडी काठाला लावत होती. एकतीस वर्षांची, मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी. मनात आलं तर डोक्याला रुमाल बांधायची, नाही आलं तर नाही. एवढीच तिची चैन, आणि तीच तिच्या दोन्ही थोरल्या भावांना सलत होती.

सतरा वर्षांची असताना तिनं पहिल्यांदा रुमाल बांधला. तेव्हा सरकारला तो चालत नव्हता. थोरला भाऊ लुत्फी सरकारी पक्षात होता, बढती जवळ आली होती. शाळेच्या फाटकात, पोलिसांसमोर, त्यानं स्वतःच्या हातानं तो ओढून फाडला. पुढं ते सरकार कोसळलं. तोवर ती मोकळ्या केसांनी संगीत मंडळात ऊद वाजवू लागली होती. दाढी वाढवलेल्या दुसऱ्या भावानं, निझारनं, ते तारांचं वाद्य उंबऱ्यावर आपटून फोडलं.

तिला तीन स्थळं आली. एकाची आई डोकं झाकते म्हणून लुत्फीनं त्याला हाकललं. दुसरा नमाज पढत नाही म्हणून निझारनं. तिसऱ्याला दोघांनीही, कारण दुसरा भाऊ हो म्हणेल अशी प्रत्येकाला भीती होती. वडील नसले की भावांनी साक्षीला बसायचं ही रीत, आणि गेली दोन वर्षं भाऊ एकमेकांशी बोलतच नव्हते.

दोघं आले, काठवटीच्या दोन टोकांना बसले.

"उम्मी, त्याला सांग, चप्पल माझ्या बुटांवर काढलीय," लुत्फी म्हणाला.

"त्याला सांग, बूट भिंतीत चिणून ठेव," निझार म्हणाला.

"खंदक खणू का मधे?" मंजियानं विचारलं आणि काठवटीवरचं झाकण काढलं.

मधे मटण नव्हतं. एका बशीत घडी घातलेला, कडेला फाटलेला निळा रुमाल होता, आणि फोडलेल्या ऊदची एक काळी खुंटी.



"मटण कुठंय?" निझारनं विचारलं.

"सकाळी वाटलं, गल्लीत," इब्तिसाम म्हणाली. "लग्नाचं होतं."

"कुणाच्या?"

"माझ्या. नगरपालिकेत, दहा वाजता. मोएजशी, आमच्या शाळेतल्या. साक्षीला उम्मी आणि शेजारची वसीला."

"आम्हाला न विचारता?"

दोघांच्या तोंडून एकदमच आलं. मग लुत्फीनं दोन वर्षांत पहिल्यांदा धाकट्याकडं पाहिलं. "निझार, ऐकतोयस ना? घरात पुरुष आहेत म्हटलं."

"बरोबर आहे तुझं, भाई. मोडू हे लग्न. काय लागेल ते करू."

इब्तिसामला हसू आलं. चौदा वर्षं ती या घासाची वाट पाहत होती, आणि तो तिला गोड लागला. लपवायचं तरी कशाला?

"बघ उम्मी, पटलं यांचं. एक म्हणतो देश दाढीवाल्या गाढवांनी बुडवला, दुसरा म्हणतो काफिरांनी. दोघांना मिळून उभं राहायला जागा सापडत नव्हती. सापडली. माझी मान." तिनं बशी पुढं सरकवली. "आता उचला. ज्यानं जे मोडलं ते त्यानं हातात घ्यायचं आणि या दुसऱ्यासमोर तोंडानं सांगायचं. मग जेवा."

लुत्फीचा चेहरा राखेसारखा झाला. निझारनं रुमालाकडं पाहिलं, थोरल्याकडं पाहिलं आणि नजर खाली घातली. क्षणभर वाटलं, कुणाचा तरी हात पुढं येईल. मग दोघंही उठले.

"उठलात ते उठलात," मंजिया बसल्या जागेवरून म्हणाली. "या दाराची किल्ली आता हिच्याकडं. मी मेले तरी आत यायचं की नाही ते हिला विचारा."

ते गेले. जाताना निझार लुत्फीच्याच गाडीत बसला.

इब्तिसाम उठून दारापर्यंत गेली, परत आली. निझारनंच तिला पाढे शिकवले होते. रुमाल फाडणाऱ्या त्या लुत्फीनंच एकदा तापात तिला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं होतं. सूड गोड होता, पण घशाखाली उतरताना तो बोचत होता.

"खा, बसूमा," आई लाडाच्या नावानं म्हणाली.

मोएज आला, लाजत हात धुऊन बसला. तिघं आपापल्या काठापासून आत आत खात गेले. मधे चमचे एकमेकांना लागले. मटणाचे तीन तुकडे मंजियानं मागं ठेवले होते, ते तिनं वाटले. भावांच्या दोन बाजू तशाच राहिल्या, वर तूप थिजलेलं.

भांडी घासून झाल्यावर मोएजनं रुमाल-खुंटीची बशी उचलली. "ही कपाटात ठेवू?"

"नको, काठवटीतच राहू दे," इब्तिसाम म्हणाली. "पुढच्या शुक्रवारी लागेल. त्याच्या पुढच्याही. कुणीतरी उचलेपर्यंत."