शेंड्याकडून आणलेलं झाड

वाडीला सिंधूताईंच्या घरात वरची खोली भाड्याने दिलेली होती. तिथे स्वानंद आणि अबोली हे नगरकडचं ख्रिस्ती जोडपं राहायचं. स्वानंद जवळच्या गोदामात सुपरवायझर होता. दरवर्षी नाताळला दोघं गावी जायची, पण यंदा अबोली जिन्यावरून घसरली, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि गाव राहिलं. पोरगी दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून अमरावती रोडचे ट्रक बघत बसायची. सिंधूताईंना ते बघवेना. नर्सरीतून एखादं कुंडीतलं ख्रिसमसचं झाड आणा, तिच्यासाठी सजवू, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

इथेच त्यांचं चुकलं. भैय्याजी म्हणजे जयंतीला अख्ख्या वस्तीच्या कमानी उभारणारा माणूस. लहान काम त्यांना अपमानासारखं वाटायचं. नर्सरीतलं झाड बघून ते म्हणाले, ही तर कोथिंबीर आहे. त्यांच्या वसंत नावाच्या दोस्ताच्या अंगणातलं ख्रिसमस ट्री विजेच्या तारांना लागत होतं म्हणून पाडायचंच होतं. भैय्याजींनी त्याचा वरचा अर्धा भाग मागून घेतला आणि नाताळच्या आदल्या दुपारी टेम्पोत घालून आणला. फांद्या अर्धा रस्ता झाडत आल्या होत्या.

जिना अरुंद, त्यामुळे झाड खालच्या खोलीत उभं करायचं आणि संध्याकाळी स्वानंदने बायकोला उचलून खाली आणायचं, असं ठरलं. सिंधूताई आत दिवाण सरकवून जागा करत होत्या. त्यांनी आतूनच सांगितलं, बुडाकडून आत घ्या, म्हणजे फांद्या मिटत येतील. पण पाहुणा घरात आडवा, पाय पुढे करून येत नाही, असं भैय्याजींचं म्हणणं पडलं. टेम्पोवाल्याने आणि त्यांनी मिळून झाड शेंड्याकडून रेटलं. शेंडा दिमाखात आत आला, मग मागच्या फांद्या छत्री उलटावी तशा उलट्या फिरल्या आणि झाड चौकटीत घट्ट बसलं. ना पुढे, ना मागे. टेम्पोवाल्याला दुसरं भाडं होतं, तो निघून गेला.

खालच्या घराला दार एकच, खिडक्यांना गज. सिंधूताई आत, भैय्याजी बाहेर, मधे झाड. भैय्याजींनी ओढून पाहिलं, ढकलून पाहिलं, फांद्यांना खोबरेल लावायचा विचारही बोलून दाखवला. दूधवाला आला, त्याने भांडं खिडकीतून मागितलं. शेवटी सिंधूताईंनी दिवाणाखालून कमानीच्या कामातली आरी काढली. आवाजावरूनच भैय्याजींनी ती ओळखली.

"आरी नको लावू वं त्याले. मी रस्ता काढून राहिलो न."

"कोणाचा रस्ता? मी आत कोंडून आहो, अन् तुमी बाहेर उभं राहून मले शिकवून राहिले."

तेवढ्यात वरून हसू आलं. अबोली गॅलरीच्या कठड्याला धरून हसत होती, थांबायचा प्रयत्न करत होती आणि पुन्हा हसत होती. पाय मोडल्यापासून तिचा असा आवाज कोणी ऐकला नव्हता. भैय्याजी मान वर करून बघत राहिले.

"काका, कापू द्या," ती डोळे पुसत म्हणाली. "आमच्या घरी कमरेएवढंच झाड असतं. मला तेवढंच सजवता येतं."

 भैय्याजींनी परवानगी दिली, पण धक्का बसू नये म्हणून बुंधा मी धरतो, असं बजावून. सिंधूताईंनी आरी चालवली. खोड तुटलं तेव्हा भैय्याजी सगळा जोर लावून मागे ओढत होते. ते अंगणात बसकण मारून पडले आणि बुंधा फांद्यांसकट त्यांच्या मांडीवर आला. सिंधूताईंनी दारात येऊन आधी त्यांना लागलं नाही ना ते बघून घेतलं, मग त्या हसल्या.

शेंडा वर गेला. बादलीत विटा घालून तो उभा केला आणि अबोलीने बसल्या जागेवरून सजवला. सिंधूताईंनी जुन्या बांगड्या दिल्या, राख्यांचे गोंडे दिले. औषधांच्या रिकाम्या पाकिटांची चांदी चिकटवून अबोलीने चांदणी केली. उरलेलं रुंद, बिनशेंड्याचं झाड भैय्याजींनी अंगणात ड्रममध्ये रोवलं आणि जयंतीच्या सगळ्या माळा त्यावर चढवल्या. अंधार पडल्यावर स्वानंद चर्चची गाणारी मंडळी घेऊन आला. ती त्या झाडाभोवतीच उभी राहून गायली. रस्त्यावरचे दोन ट्रक वेग कमी करून गेले.

वर अबोलीने सिंधूताईंचे हात आपल्या मांडीवर घेतले होते. झाडाचा चीक साबणाने निघत नव्हता, म्हणून ती तेल लावून एकेक बोट चोळत होती. खालून भैय्याजींचा आवाज येत होता. एका झाडाची दोन करायची कल्पना आपल्याला कशी सुचली, ते पाहुण्यांना सांगत होते. अबोलीने सिंधूताईंकडे पाहिलं.

"सांगू दे त्याहिले," सिंधूताई म्हणाल्या, आणि दुसरा हात पुढे केला.