उजवीकडचे झेंडे

म्हस्कूला बर्फ ठाऊक होता तो उसाच्या रसवंतीवर भुशात गुंडाळून ठेवलेल्या लादीपुरता. आता त्याला टीव्हीतल्या बर्फाच्या डोंगरावरून एक माणूस खाली उतरवायचा होता, आणि तोही नुसतं उभं राहून.

पायाखाली पांढरी फळी होती. डाव्या पायावर भार टाकला की टीव्हीतला माणूस डावीकडं वळायचा, उजव्यावर टाकला की उजवीकडं. वाटेत झेंड्यांच्या जोड्या रोवलेल्या, प्रत्येक जोडीच्या मधून जायचं. अंबडच्या बसस्टँडमागच्या त्या छोट्या दवाखान्यात लकवा झालेल्यांना तोल शिकवायला हा खेळ ठेवला होता.

महिन्यापूर्वी लेक परमेश्वर बोलून बसला होता, "बा, ज्या दिवशी सगळ्या झेंड्यांतून जाशील, त्या दिवशी मेंढरं पुन्हा तुझ्या हाती. न्हाई जमलं तर विकून टाकू." लेकाचंही चुकत नव्हतं. दिवाळीनंतर म्हस्कू रानात पडला, उजवं अंग गेलं, तोंडातून शब्द फुटेना. मेंढरं त्याच्याभोवती उभी राहिली होती, म्हणून दिवस मावळता तो सापडला.

ती महिन्याची मुदत आज संपत होती. दुपारी घरी मेंढरं न्यायला टेम्पो येणार होता.

"आजोबा, उजव्या पायावर या," व्यायाम करून घेणाऱ्या प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या.

"आलो की."

"कुठं आलात? त्या बिचाऱ्याला दरीत घालता का?"

"त्याच्या हातात दोन-दोन काठ्या हायेत ताई, अन् माझी एक होती ती तुम्ही दाराशी ठेवून घेतली."

मॅडम हसल्या. परमेश्वर हसला नाही. तो बापाच्या मागं, धरायला हात पुढं करून उभा होता.

डावीकडचे झेंडे म्हस्कूला रोज मिळायचे. उजवीकडचे सुटायचे. पन्नास वर्षं तो मेंढरांमागं एकाच तऱ्हेनं उभा राहिला होता: भार डाव्या पायावर, उजवं पाऊल डाव्या गुडघ्याला टेकवलेलं, हनुवटी काठीवर. उजवा पाय चालायपुरता. हे त्यानं मॅडमला सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आता शिका." धड असताना जो पाय उभं राहायला कधी शिकला नाही, तो आता काय शिकणार?

शेवटच्या खेपेला पहिला उजवा झेंडा मिळाला. दुसराही मिळाला. म्हस्कूच्या कानामागून घाम ओघळला. तिसऱ्याला पाय थरथरायला लागला, आणि टीव्हीतला माणूस कोलांट्या खात बर्फात गेला.

"ताई, एकदा काठी द्या."

मॅडमनी परमेश्वरकडं पाहिलं आणि काठी आणून दिली. म्हस्कूनं ती फळीबाहेर फरशीवर टेकवली, सावकाश उजवं पाऊल उचलून गुडघ्याला लावलं आणि उभा राहिला. अंग हललं नाही. श्वाससुद्धा जागेवर आला.

"परमेश्वर, बघ."

परमेश्वर टीव्हीकडं बघत होता. तिथला माणूस पुन्हा उठून झेंडे सोडून डावीकडं, थेट डावीकडं दरीत चालला होता.

"बा, पडला तो."

"तो पडला. मी न्हाई."

"रानात मी नसतो बा. तिथं पडलास तर मेंढरू मला फोन लावणार हाये का?"

म्हस्कूनं पाय खाली घेतला. वहाणा लेकानंच पायात घातल्या.

घरी टेम्पो आधीच येऊन थांबला होता. दोन माणसं मेंढरांना रेटत होती. मेंढरं टेम्पोला लावलेल्या फळीपाशी येत आणि पुन्हा उधळत. बायनाबाई, म्हस्कूची बायको, दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

बऱ्याच वेळानं परमेश्वर जवळ आला. वर न बघता म्हणाला, "बा, तू हाक दे. तुझ्याबिगर चढणार न्हाईत."

म्हस्कू टेम्पोच्या फळीशेजारी डाव्या पायावर उभा राहिला आणि जीभ टाळूला लावून रोजची हाक दिली. मेंढरं धावतच आली. काठी आणि टेम्पोचं दार यांच्या मधून एकामागून एक वर चढली. एकही चुकलं नाही.

शेवटची काळी मेंढी फळीवर थांबली आणि त्याचा लोंबता उजवा हात हुंगायला लागली. हात उचलून तिच्या पाठीवर ठेवावा म्हणून त्यानं सगळा जीव लावला. हात हलला नाही.

"चल," तो म्हणाला. ती चढली.