येते हं!

खालून जमिनीला काठी बसली. ठक्, ठक्, ठक्. चटका बसावा तसा शिंपीणबाईने मशीनच्या पायडलवरचा पाय उचलला.

"झालं! फौजदारीण उठली," नवरा घास गिळत म्हणाला. खालच्या मजल्यावरच्या एकट्या म्हातारीला हे नाव त्यानेच ठेवलं होतं. "घरमालक काय म्हणालाय, आठवतंय ना? एक तक्रार आली, की मशीन बंद."

आठवत होतं. न आठवून सांगते कोणाला? परदेशात येताना बायका दागिने आणतात, हिने आईचं शिलाई मशीन आणलं होतं. इथली भाषा तिला धड येत नव्हती, पण तिने बेतलेला कपडा अंगावर चढला की माणसं आरशापुढून हलत नसत. मशीन गेलं तर ती नुसती लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची बायको उरणार होती, आणि तेवढ्यावर तिचं भागणार नव्हतं.

म्हातारीचं बिनसलं तरी कशावरून? सुरुवातीला किती गोड! जिन्यात भेटली की हात धरून बोलायची. हिला निम्मं कळायचं नाही, तरी ही मान डोलवायची आणि निघताना न चुकता इथल्या भाषेत म्हणायची, "येते हं!" मग हळूहळू म्हातारीचं तोंड वाकडं झालं, आणि आता ही काठी.

"खाली जाऊन येते," ती उठली.

"अगं, कशाला वाघाच्या जबड्यात हात?"

"मालकाकडे बोभाटा होण्यापेक्षा ते बरं."

खालचं दार उघडंच होतं. "मशीन... आवाज... माफ करा," तिने वाटेत पाठ केलेले शब्द पुढे केले.

"मशीनचं कोण बोलतंय?" म्हातारी कडाडली. "खोटारडी आहेस तू! दर वेळी जिन्यात सांगतेस, येते. मी चहा करून बसते, आणि तू वर खुशाल मशीन चालवतेस! घरात आहेस हे कळतं मला. म्हणून काठी मारते. ये म्हणून!"

टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. एक कप पिऊन झालेला, दुसरा कोरडा.

शिंपीणबाईला त्या कोरड्या कपाकडे बघून लाज वाटली, आणि हसूही फुटलं.

"आमच्यात निघताना 'जाते' नाही म्हणत," ती अडखळत म्हणाली. "जाते म्हणजे... संपलं. म्हणून येते म्हणायचं. परत येईन. कधीतरी."

"कधीतरी?"

"आज," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.

"माझा नवरा शेवटचा घरातून निघाला, तेव्हा नुसतं 'जातो' म्हणाला होता," म्हातारी पुटपुटली आणि दुसऱ्या कपात चहा ओतला.

आता म्हातारी रोज वर येते. मशीनशेजारी बसून बटणं लावते आणि कापडांना नावं ठेवते. घरमालक आवाजाची चौकशी करायला आला, तेव्हा तिनेच काठी आपटली. "खाली मी राहते की तू? मशीन राहणार!" मालक आल्या पावली परतला. शिंपीणबाईने त्या दिवशी मुद्दाम दोन कपडे जास्त शिवले.

काल म्हातारी जायला उठली, दारात थबकली आणि मोठ्या ऐटीत चक्क मराठीत म्हणाली, "येतो हं!" नवरा रोज कामावर निघताना म्हणतो ते तिने उचललं होतं.

नवऱ्याला ठसका लागला. शिंपीणबाईने त्याला डोळ्यांनीच दटावलं.

"या," ती म्हातारीला म्हणाली. मग दार तसंच उघडं ठेवून तिने पायडलवर पाय ठेवला.